राणी जिंद कौर यांच्या अस्थी नाशिकला कशा आल्या?

पंचवटीकर:
महाराजा रणजितसिंहांच्या पत्नी जिंद कौर १८६३ साली लंडनमध्ये वारल्या, परंतु अस्थिविसर्जन आपल्या गोदावरीत झाले आणि काठावर त्यांची छोटी समाधीही होती, असे वाचले. पंजाबची राणी नाशिकला का? शिवाय त्यापूर्वी नेपाळने त्यांना अकरा वर्षे आश्रय दिला, तो इंग्रजांनी कसा चालू दिला?

जुना वाडा:
आधी नेपाळविषयी. २९ मार्च १८४९ रोजी पंजाब खालसा झाला (शीख राज्याच्या बाबतीत हा शब्द फारच बोचतो) आणि पुढच्याच महिन्यात इंग्रजांच्या कैदेतील राणी चुनारच्या किल्ल्यातून वेश पालटून निसटल्या व काठमांडूला पोहोचल्या. इंग्रज-नेपाळ युद्धानंतरच्या १८१६ च्या सुगौली तहामुळे तेथे इंग्रज रेसिडेंट बसलेला होता. शरण आलेल्या राणीला परत पाठवले तर नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा यांची नाचक्की, मोकळे सोडले तर इंग्रजांशी वैर. म्हणून त्यांनी तिला घर आणि तनखा दिला, पण कारस्थानाची मुभा दिली नाही. इंग्रजांनाही ती पंजाबपासून दूर राहिलेली सोयीचीच होती.

ओझरकर:
यात औदार्य फार शोधू नये. याच जंगबहादूरांनी सत्तावनच्या उठावात, १८५८ मध्ये, लखनौवर इंग्रजांच्या बाजूने स्वतः फौज नेली आणि १८६० मध्ये, सुगौलीत गमावलेल्या तराईचा पश्चिम भाग परत मिळवला. तरीही त्या उठावात इंग्रजांशी लढलेल्या लखनौच्या बेगम हजरत महल यांनाही अखेर नेपाळातच थारा मिळाला, हे मान्य केले पाहिजे.

गोदाकाठ:
आता नाशिकचे. १८६१ मध्ये कोलकात्यात पुत्र दलीपसिंहांची भेट झाली, तेव्हा चीनच्या युद्धावरून परतलेले शीख शिपाई हॉटेलभोवती जमू लागले आणि धास्तावलेल्या सरकारने मायलेकांना इंग्लंडला जाऊ देणेच पसंत केले. तेथे दहनाची सोय नसल्याने पार्थिव केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत ठेवावे लागले. १८६४ मध्ये दलीपसिंह ते घेऊन आले, मात्र त्यांना पंजाबात पाऊल ठेवण्याची परवानगी नव्हती, म्हणून मुंबईच्या वाटेवरची गोदावरी जवळची ठरली.

पंचवटीकर:
आभार. म्हणजे मेल्यानंतरही हद्दपारी सुटली नाही. समाधी अजून आहे का?

गोदाकाठ:
अस्थी नाहीत. १९२४ मध्ये त्यांची नात बंबा यांनी त्या लाहोरला, रणजितसिंहांच्या समाधीपाशी नेल्या.