मदत हवी आहे: मशीनच्या भरतकामाने कापड आकसलंय, उसवू की राहू देऊ?

मोतियालुगडं (बडोदे)

मंडळी, आधी प्रश्न, मग रडगाणं. आजीच्या जुन्या सुती लुगड्यावर भिंतीला लावायचं एक चित्र करतेय, अर्धं मशीनवर आणि अर्धं हाताने. मशीनचं भरून झालं आणि कापड तळलेल्या पापडासारखं वर-खाली झालं. इस्त्रीने तेवढ्यापुरतं बसतं, गार झालं की पुन्हा उठतं. दोन महिन्यांचं काम आहे. उसवू का?

आता सविस्तर. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा खालच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक दोन दिवस पाण्यात होती. तळाचे कपडे गेलेच. हे लुगडं मधल्या थरात होतं म्हणून वाचलं, पण घडीच्या कडेने गंजाचे डाग पडले, बोटाएवढे सहा-सात. आईने फरशी पुसायला काढून ठेवलं होतं, मी हिसकावून घेतलं.

चित्र म्हणजे रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली एक कमान. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा वाडा. भिंतींवरची रंगीत चित्रं बघायला लोक जातात. मी मात्र लाकूडकामच बघत बसते. दोन बाजूंना दोन खांब, वर कमान, मधून वर चढणारी वेल. डाग नेमके दोन उभ्या रांगांत आहेत, तेव्हा खांब त्यांच्यावर बेतले. गंजाचा रंग आणि जुन्या सागवानाचा रंग, फरक तो काय? स्वतःच्या हुशारीवर इतकी खूष होते की त्या दिवशी सेव-उसळ मागवली.

आईचं जुनं काळं मशीन, त्याला मोटर लावून घेतलेली. फूट (सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय) काढलं, खालून कापड सरकवणाऱ्या दात्यांवर पट्टी बसवली, कापड रिंगेत ताणलं आणि रेयॉनच्या दोऱ्याने तीन तपकिरी छटांत खांब भरले. सुई 14 नंबर. डाग दिसू नये म्हणून काही ठिकाणी तीन-तीन थर झालेत. कापडाखाली काहीही लावलं नव्हतं. टाके सगळे आडवे, खांबाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे.

कापड 22 इंच रुंद कापलं होतं. कमानीच्या वर टेप लावली तर आजही 22. खांबांच्या मधल्या उंचीवर लावली तर पावणेएकवीस! उलट्या बाजूला दोऱ्यांचे गुंते आहेत, ते इथे दाखवण्यासारखे नाहीत. हाताने केलेली वेल (सहापदरी दोऱ्याचे दोन पदर घेऊन देठाचा टाका, कळ्यांना गाठी) मात्र सपाट बसली आहे.

जोडप्रश्न: सपाट करायला पाणी शिंपडलं तर लाल कळ्यांभोवती गुलाबी वलयं आली. लाल लडी बाजारातली सुटी होती. त्याचं काय करू?

खंडेराव महाराजांनी ज्या गावात मोत्यांचा अख्खा गालिचा करवून घेतला, त्या गावात राहून मला दोन खांब सरळ उभे करता येत नाहीत.

नुसतीवाचक

फोटो टाका ना! आणि काचेच्या फ्रेममध्ये घट्ट दाबून बसवलं की आपोआप सपाट होईल, एवढं काय.

मोतियालुगडं

फोटो रात्री टाकते. काचेला कापड टेकलं की पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते, एक रुमाल असाच घालवलाय. लावलीच तर कापड आणि काच यांच्यात पट्टी घालून फट ठेवून लावेन. पण तेव्हा सुरकुत्याही दिसणारच.

टेन्शनची चकती

ताई, आमचं मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून एकच विचारतो. फूट काढलं होतं म्हणता, पण भरताना फूट वर-खाली करायची मागची दांडी खाली पाडली होती का?

मोतियालुगडं

फूटच नाही तर दांडी कशाला पाडायची?

टेन्शनची चकती

सापडलं! ती दांडी नुसतं फूट दाबत नाही. ती वर असली की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात, वरच्या दोऱ्याला पकडच नसते, आणि सगळा ढिला दोरा खाली जाऊन बसतो. तेच तुमचे गुंते. फूट नसलं की लोक हमखास विसरतात. आमच्याकडे 'मशीन बिघडलं' म्हणून आणतात, आम्ही दांडी पाडून परत देतो.

पण आकसायचं कारण वेगळं. प्रत्येक टाका कापडाला आपल्या दिशेने थोडं ओढतो. तुमचे हजारो टाके एकाच दिशेने, तेही तीन थर, आणि कापड जुनं, पातळ, खाली आधार नाही. त्यात मलमलीसारख्या कापडाला 14 ची सुई जाड. 11 लावा. वरचं टेन्शन एवढंच ठेवा की वरचा दोरा उलट्या बाजूला किंचित डोकावेल. खाली भरतकामवाल्यांकडे मिळणारा, काम झाल्यावर फाडून काढायचा पांढरा बकरम घ्या. तो नसेल तर कापडाला साबुदाण्याची दाट खळ देऊन इस्त्री करा, कागदासारखं कडक होतं आणि नंतर धुऊन जातं. टाके मध्यापासून कडेकडे न्या आणि दिशा बदलत राहा. रिंगेच्या आतल्या कड्याला सुती चिंधी गुंडाळा, म्हणजे कापड सरकत नाही आणि ताणावंही लागत नाही. रिंगेत ताणलेलं कापड रिंग काढल्यावर मागे येतं, तुमच्या सव्वा इंचातला काही भाग तिथला असणार.

माझं मत: उसवा आणि नव्याने करा.

कशिदाकाकू (इंदूर)

अगं बाई, उसवू नकोस हं. उसवायला मीही पहिली, पण इथे कापडच राहायचं नाही. गंज कापड खातो. जिथे डाग आहे तिथला धागा आधीच कुजलेला असतो, आणि तू नेमके तिथेच सगळ्यात जास्त टाके घातलेस. आता तिथे कापडाने टाके धरलेले नाहीत, टाक्यांनी कापड धरलंय. उलट्या बाजूने एक कोपरा नखाने हळूच खरवडून बघ, पूड निघते का.

माझं ऐकशील तर असं कर. मांजरपाट घे, मऊ, दोनदा धुऊन वाळवलेला. नवा कोरा लावशील तर पहिल्या धुण्यात तोच आटेल. तो सगळ्या चित्राच्या मागे घाल, मोठ्या कच्च्या टाक्यांनी मधून बाहेर टाचत जा. मग खांब सोडून जी मोकळी जमीन आहे ती धावदोऱ्याने भर. कापडाच्याच रंगाचा एक पदर, ओळीत पाव इंचाचं अंतर. खांबांनी कापड ओढलंय ना, मग बाकीच्या कापडालाही तेवढंच ओढू दे. गोधडी कशी सगळीकडून सारखी चुरमुडते, म्हणून ती वाकडी दिसत नाही. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचं दुसरं काय केलं?

लाल रंगाचं: इस्त्री मुळीच फिरवू नकोस, डाग पक्का होतो. थंड पाणी, साधी साबणपूड, तासाभराने पाणी बदल. वाळवताना खाली पांढरा जुना टॉवेल घाल. पुढच्या वेळी आधी ओल्या पांढऱ्या चिंधीत लाल दोरा दाबून बघ, चिंधी सांगते.

टेन्शनची चकती

काकू, गंजाचं माझ्या लक्षातच आलं नाही. मग उसवण्याचं मी मागे घेतो. फक्त जिथे तीन थर आहेत, तिथे उलट्या बाजूने ब्लेडने खालचे दोरे कापून वरचा एक थर मोकळा होतो का बघा. अडलं तर थांबा.

मोतियालुगडं

तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व.

नखाने खरवडलं. डाव्या खांबाच्या तळाशी पूड निघाली, चिमूटभर, तपकिरी, बोटावर मिरपुडीसारखी. उजवा खांब ठीक होता. मग चकतीदादांचं आणि काकूंचं, दोघांचंही अर्धं-अर्धं ऐकलं.

उजव्या खांबाचा वरचा थर उलट्या बाजूने ब्लेडने मोकळा केला. चार संध्याकाळी गेल्या. भावाचा चष्माही गेला, पण तो त्यावर मीच बसल्यामुळे. डाव्या खांबाचा तळ मात्र कापूनच टाकला. हाताला कात्री लागेना, मग आईने कापला. "ट्रंकेत होतं तेव्हा कुणी विचारलं नाही, आता रडतेस," म्हणाली. मागे मांजरपाट आला, कापलेल्या जागी त्याच लुगड्याच्या पदराचा तुकडा लावला आणि त्याच्यावर खांबाचा तळ हाताने भरला. मशीनचा वरचा भाग आणि हाताचा खालचा भाग वेगळे कळतात. कळू देत.

धावदोरा घालायला लागले तेव्हा पहिल्या दहा ओळींत काहीच फरक दिसेना. काकू, मनात तुमच्याशी दोनदा भांडले. मग कमान आणि डाव्या खांबामधला भाग भरून झाला आणि रिंग न लावता तो टेबलावर ठेवला, तर हातभर जागा टेबलाला टेकलेली! फुगवटा आहे, पण तो आता सगळीकडे बारीक वाळूसारखा पसरलाय. काल टेप लावली: मधे साडेवीस, वर एकवीस. म्हणजे चित्र एक ते दीड इंचाने लहान झालं, पण सरळ आहे.

गुलाबी वलयं तिसऱ्या पाण्यात गेली. एक राहिलं, तिथे मी आणखी एक कळी केली.

अजून खालचा अर्धा भाग धावदोऱ्याचा बाकी आहे. दिवाळीपर्यंत भाचीकडे पुण्याला पाठवायचंय. काकू, टांगायला मागे वरच्या कडेला कापडी नळी शिवून काठी घालू, की चार कड्या पुरतील? वजन तराजूवर केलं, पाव किलोच्या आतच आहे.

कशिदाकाकू (इंदूर)

नळीच शीव. कड्यांनी चार ठिकाणीच भार येतो, जुनं कापड तिथे फाटतं. नळी मांजरपाटाला शीव, लुगड्याला नको. आणि पाठवताना घडी घालू नकोस, गुंडाळी कर, भरतकाम बाहेरच्या बाजूला ठेवून.