मदत हवी आहे: ८ महिन्यांच्या लॅब्राडोर कुत्रीला कच्चं मांस सुरू करावं का?

आमची लॅब्राडोर चिकू ८ महिन्यांची. आणली तेव्हापासून पोट नाजूक. आठवड्यातून तीनदा तरी शी पातळ, आणि पंजे चाटून चाटून बोटांमधली कातडी लालबुंद झालीय. जंताचं औषध झालं, कोरडं खाणं दोनदा बदललं. आता कच्च्या मांसाचा विचार आहे. पण वाढत्या हाडांना कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं आणि नुसत्या बोनलेस चिकनमध्ये नेमकं उलट असतं. शिवाय कच्च्या मांसातल्या साल्मोनेला जंतूंची भीती. घरात सासूबाई ७५ वर्षांच्या, आणि ही सगळ्यांचे हात चाटते.

रात्री तिला पंजा चावताना बघून जीव तुटतो हो.

अशा पिल्लाचा आहार कुणी बदललाय का? सुरुवात चिकनने केली की मटणाने? कॅल्शियमसाठी हाडाचा हिशेब कसा धरला? डॉक्टर म्हणतात, आधी शिजवलेलं देऊन बघा. तेवढ्यावर कुणाचं भागलं का?