३०० लिनक्स सर्व्हर आणि अपडेट, तुम्ही कसं करता?

प्रश्न:
साधारण ३०० सर्व्हर आहेत, बहुतेक उबुंटू, थोडे रॉकी (दोन्ही लिनक्सचेच प्रकार). अॅन्सिबलने (एकाच वेळी अनेक सर्व्हरवर कामं चालवणारं टूल) ग्रुप-ग्रुपने अपडेट करतो. गेल्या महिन्यात सोमवारी टेस्टिंगला केलं, सगळं व्यवस्थित, गुरुवारी तीच प्लेबुक (अॅन्सिबलची कामांची यादी) प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरला, चालवली तर मधल्या तीन दिवसांत रिपॉझिटरीत (जिथून पॅकेजेस उतरतात तो साठा) नवं पॅकेज आलेलं, तेच गेलं आणि रात्री दोन डेटाबेस बसले. अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप होणारे अपडेट) चालू करून मोकळं व्हावं का?

उत्तर १:
प्लेबुकचा दोष नाही, रिपॉझिटरी रोज बदलते तो आहे. रिपॉझिटरीचा स्वतःचा मिरर (प्रत) ठेवा आणि स्नॅपशॉट घ्या, म्हणजे त्या तारखेची स्थिती गोठवून ठेवा; त्यासाठी टूल उबुंटूला अॅप्टली, रॉकीला पल्प. टेस्टिंगला ज्या तारखेचा स्नॅपशॉट लावला तोच आठवड्याने प्रॉडक्शनला, म्हणजे जे तपासलं तेच जाईल. आणि उबुंटू २२.०४ किंवा त्यापुढचं असेल तर फेज्ड अपडेट्स बघा, उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं त्यामुळे एकाच दिवशी शेजारच्या दोन मशीनवर वेगवेगळी व्हर्जन दिसतात, मी यात अख्खा दिवस घालवलाय.

उत्तर २:
डेटाबेसला अनअटेंडेड नकोच, ती पॅकेजेस ब्लॅकलिस्टमध्ये टाका. वेब सर्व्हर लोड बॅलन्सरमागे (ट्रॅफिक अनेक सर्व्हरवर वाटणारा) असतील तर नुसत्या सिक्युरिटी अपडेटसाठी चालेल. अॅन्सिबलमध्ये सिरियल (एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे ते) लावा, आधी १ सर्व्हर, मग १० टक्के, मग बाकीचे, आणि मॅक्स-फेल-पर्सेंटेज (किती टक्के सर्व्हर फसले तर थांबायचं) ० ठेवा म्हणजे एक जरी पडला तरी पुढचे वाचतात.

उत्तर ३:
रीबूटचं कोणी बोललंच नाही! पॅकेज बदललं म्हणजे काम झालं असं नसतं हो, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) नवं येतं पण एनजिनएक्स (वेब सर्व्हर) रीस्टार्ट होईपर्यंत जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतो. काय रीस्टार्ट करायला हवं ते बघायला उबुंटूवर नीडरीस्टार्ट चालवा, रॉकीवर नीड्स-रीस्टार्टिंग. आमच्याकडे एक सर्व्हर ४०० दिवस रीबूट न करता चालला होता, शेवटी केला तेव्हा उठेचना, कोणीतरी कधीतरी एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती फाइल) चुकीची ओळ टाकलेली, आणि ती कोणी, कशासाठी हे सांगणारं माणूसच उरलं नव्हतं. तेव्हापासून अपडेटच्याच विंडोत रीबूट, एकेक करून. आधी बूट पार्टिशनमध्ये जागा आहे का तेही बघा, जुन्या कर्नलने (लिनक्सचा गाभा) भरलेलं असलं की अपडेट अर्ध्यात अडकतं.

प्रश्नकर्ता:
आत्ताच नीडरीस्टार्ट फिरवलं, ६२ सर्व्हरवर जुना कर्नल चालू आहे. आज रात्री टेस्टिंगच्या एका मशीनपासून सुरू करतो, अॅप्टलीचं उद्या.