आईनं थायरॉईडची गोळी चुकीच्या पद्धतीनं घेतली, आता डोस वाढवायचा का?

नमस्कार, मदत हवी आहे.

आई ५१ वर्षांची, खानापूर तालुक्यात गावी असते. मी बेळगावात. वर्षभर ती नुसती थकलेली. चेहरा सुजट, पोट साफ नाही, केस मूठमूठ गळतात, आवाज घोगरा, आणि ऐन वैशाखात चादर लागते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पाळी जायचं वय आहे, चालायचंच. मीही तेच धरून बसले. शेवटी रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) ३८! ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी २९. डॉक्टरांनी डोस ७५ लिहून दिलाय.

परवा गावी मुक्कामाला होते. पहाटे बघते तर आई गोळी खालच्या ओठाआड धरून म्हशीची धार काढतेय. म्हणे, "मेडिकलवाल्यानंच सांगितलं की, खाली ओठ." तो बिचारा कानडीत 'खाली होट्टे' म्हणाला असणार, म्हणजे रिकाम्या पोटी! शेजारचे काका हार्टची गोळी जिभेखाली ठेवतात, त्यामुळं हिला काही वेगळं वाटलंच नाही. वर धार झाली की लगेच चहा, आणि चहाबरोबर रक्तवाढीची लोहाची गोळी.

डॉक्टरांना हे अजून माहीत नाही. ७५ सुरू करू की आधी ५० च नीट देऊन बघू? आणि पहाटेचा चहा तिला सुटणार नाही, त्याचं काय?

प्रतिसाद १
ताई, डोस तुम्ही ठरवू नका. उद्याच डॉक्टरांना फोन करून गोळी कशी घेतली ते जसंच्या तसं सांगा. गोळी पाण्याबरोबर गिळायची, मग निदान अर्धा-पाऊण तास चहा नाही. लोहाची गोळी चार तासांनी, म्हणजे जेवणानंतर दिली तरी चालेल. कॅल्शियमचंही तसंच. टीएसएच हळू बदलतं, त्यामुळं नीट सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासा. कोलेस्टेरॉलही बघून घ्या, थायरॉईड कमी असलं की ते वाढतं.

प्रतिसाद २
माझ्या सासूबाईंचंही चहावरनंच अडलेलं. डॉक्टरांना विचारून रात्री सुरू केली, जेवणानंतर तीन तासांनी. पण तुमची आई धारेला उठते म्हणजे आठला झोपत असेल, तिला हे कसं जमणार? त्यापेक्षा गोळी गिळून मग धार काढायला बसू दे. दोन म्हशी असतील तर अर्धा तास तिथंच जातो.

धागाकर्ती
म्हैस एकच आहे हो. पण गोठा झाडायचाही असतो, तो आता चहाआधी.