टाइम आउट झाल्याशिवाय सिस्टरने ब्लेड देऊ नये, हा नियम लेखी हवा का?

ओटीसिस्टर_ठाणे:
घोडबंदर रोडला एका छोट्या हॉस्पिटलच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काम करते. डब्ल्यूएचओची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट 2008 मध्ये आली, 19 मुद्दे आहेत, तीनदा थांबायचं, भूल द्यायच्या आधी, चीर द्यायच्या आधी आणि पेशंट ओटीतून बाहेर न्यायच्या आधी. आमच्याकडे तो कागद प्रत्येक फाइलला लागतो, पण बऱ्याचदा ऑपरेशन संपल्यावर एकटी सिस्टर बसून सगळीकडे टिक करून टाकते. मधलं थांबणं म्हणजे टाइम आउट, तेव्हा सगळ्यांनी हातातलं काम ठेवून पेशंटचं नाव, कुठली बाजू, कुठलं ऑपरेशन, अँटिबायोटिक गेल्या 60 मिनिटांत गेलं का हे मोठ्याने बोलायचं असतं, आणि नेमकं तेच होत नाही कारण सर पोचतात तेव्हा ड्रेपिंग (पेशंटवर निर्जंतुक कापड घालणं) झालेलं असतं आणि त्यांची पुढची केस दुसऱ्या हॉस्पिटलला लागलेली असते. माझं म्हणणं एवढंच की टाइम आउट झाल्याशिवाय स्क्रब सिस्टरने (सर्जनच्या हातात अवजारं देणारी) ब्लेड द्यायचंच नाही आणि हे मॅनेजमेंटने लेखी द्यावं. तोंडी दिलं तर नवीन मुलगी सरांचा मूड बघूनच बोलणार.

सर्जन_वाशी:
सिस्टर, कळकळ पोचली पण मी ठाम विरोधात आहे. टेबलावर निर्णय घेणारा माणूस एकच हवा. 1995 ला सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं तेव्हापासून नोटीस येते ती माझ्या नावावर, ब्लेड अडवणाऱ्याच्या नाही. आणि चेकलिस्टने एवढा फरक पडत असेल तर कॅनडात ओंटारिओच्या 101 हॉस्पिटलांचा अभ्यास 2014 ला आला त्यात मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक का दिसला नाही? रप्चर्ड एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ फुटलेली) पेशंट आलीये, पोटात रक्त भरलंय, तेव्हा मी 19 मुद्दे वाचत बसू का?

ओटीसिस्टर_ठाणे:
सर, रक्तस्राव चालू असलेल्या पेशंटला कोणी अडवत नाहीये, आपली निम्म्याहून जास्त लिस्ट ठरवून घेतलेल्या ऑपरेशनची असते, मी त्याबद्दल बोलतेय. ओंटारिओत चेकलिस्ट वापरल्याचं हॉस्पिटलांनी स्वतःच कळवलेलं, खोलीत खरंच किती जण थांबले ते त्यातून कळत नाही. त्याआधी 2009 ला आठ शहरांचा अभ्यास आला त्यात आपली दिल्लीही होती, मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले आणि कॉम्प्लिकेशन 11 वरून 7 वर. नोटिशीचं म्हणाल तर मॉप (रक्त टिपायचं कापड) पोटात राहिला की आधी आम्हालाच विचारतात की काउंट, म्हणजे वापरलेल्या वस्तू मोजायचं काम, कोणी केला.

भूलवाला_फ्रीलान्स:
मी सकाळी कळव्याला सिझेरियन देतो, दुपारी कोपरखैरणेला हर्निया, संध्याकाळी अजून कुठेतरी. समोरच्या सिस्टरचं नाव मला अर्ध्या वेळा माहीत नसतं. चेकलिस्टमध्ये सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं असतं, ते लोकांना पोरकट वाटतं पण माझ्या अनुभवात ज्या मुलीने एकदा नाव सांगितलंय ती नंतर "सर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडतंय" हेही बोलते.

इंग्लंडमधली 2005 ची एलेन ब्रोमिलीची केस सगळ्यांनी वाचा. साधं सायनसचं ऑपरेशन, भूल दिल्यावर नळी जाईना, ऑक्सिजन जाईना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्यातच अडकून राहिले. ट्रेकिओस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायचा) सेट आणून ठेवला होता, एका सिस्टरने आयसीयूत बेडही सांगून ठेवला होता, म्हणजे सिस्टरना धोका कळला होता. डॉक्टरांपर्यंत ते पोचलंच नाही आणि बाई काही दिवसांनी गेल्या. नवरा पायलट, त्याने पुढे हाच विषय लावून धरला.

पण ब्लेड अडवायच्या नियमाशी मी सहमत नाही. 22 वर्षांच्या मुलीला सीनियर सर्जनसमोर उभं करून भांडायला लावू नका. टाइम आउट भूलतज्ज्ञाने सुरू करावा, आमचं सर्जन ऐकतात.

नेरूळची_मुलगी:
मी डॉक्टर नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी मार्किंग कधी करणार असं मी विचारलं तर वॉर्डमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी सर्जन स्वतः आले, आई जागी असताना तिलाच विचारून पेनने खूण केली, दोन मिनिटं पण लागली नाहीत. मला वाटतं नातेवाइकांनी विचारायला लागायला हवं. सिस्टर, नियम तुमच्या बाजूचा असावा असंच मी म्हणेन.

सर्जन_वाशी:
मार्किंग मी स्वतःच करतो, त्याला विरोध कधीच नव्हता. भूलतज्ज्ञाने टाइम आउट सुरू करावा हे मला मान्य आहे, उद्यापासून करेन. ब्लेड अडवणं मान्य नाही.

ओटीसिस्टर_ठाणे:
भूलवाले सर, तुम्ही सुरू केलंत तर उत्तमच, पण स्पायनल (पाठीतून द्यायची भूल) देऊन तुम्ही पुढच्या केसला निघून गेलात असंही होतं, मग सुरू कोण करणार? आणि रात्रीचं बोला. रात्री ओटीत एकच सिस्टर असते, तीच स्क्रब करते, आणि बाहेरून सामान द्यायला मावशी. काउंट दोघींनी मिळून मोठ्याने करायचा असतो, टाके घालायच्या आधी. मावशींना मॉप आणि गॉजमधला फरक कोणी शिकवलेला नाही. सर्जन सर, तुम्ही मॅनेजमेंटला दुसरी सिस्टर मागा, तुमचं ते ऐकतील, आम्ही मागून थकलो. ती मिळेपर्यंत, काउंट जुळला नाही तर पोट बंद करायचं नाही, एवढा एक नियम तरी लेखी मान्य आहे का ते सांगा.

सर्जन_वाशी:
काउंटचा मान्य आहे. सही करतो.