दिवाळीत नेपाळ: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

मीनल (बी-302): दिवाळीच्या सुट्टीत नेपाळचं जवळजवळ ठरलंय. टूरवाल्याने पाठवलंय: पशुपतिनाथ, मनकामना, पोखरा, मुक्तिनाथ. नद्यांचे व्हिडिओ बघून मुलं राफ्टिंगच्या मागे लागलीत. कोणी जाऊन आलंय का?

तन्मय (सी-501): ताई, राफ्टिंगला मीपण येतो 🙋‍♂️

सुहास काका (ए-104): आम्ही दोघं जाऊन आलोय. आधी कामाचं. विमानाने जाणार असाल तर मोठ्यांसाठी पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड लागतं. आधार घेऊन विमानतळावर वाद घालू नका, आमच्या ग्रुपमधल्या एकांनी घातला होता.

राफ्टिंग त्रिशूलीवर. काठमांडूहून पोखऱ्याला जाणारा रस्ता साधारण 200 किलोमीटरचा, आणि त्यातला बराचसा या नदीच्या कडेकडेने जातो. चरौदीच्या आसपास राफ्टमध्ये बसवतात. दिवाळीत पाणी हिरवट, नितळ असतं. पावसाळ्यात तीच नदी दूध कमी पडलेल्या चहासारखी दिसते आणि खवळलेली असते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर मार्च ते मे.

मीनल (बी-302): सासूबाई राफ्टमध्ये बसणार नाहीत. त्यांचं काय?

सुहास काका (ए-104): त्यांना त्याच रस्त्यावरच्या कुरिनटारहून मनकामना देवीच्या केबल कारने न्या. सुरुवातीलाच पाळणा त्रिशूलीवरून जातो. वरून नदी हिरव्या नाडीएवढी दिसते.

वर्षा (बी-103): मी जरा नको ते बोलते, पण ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली होती. पोखऱ्याहून काठमांडूला येतानाच. त्याआधी जुलैमध्ये दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूलीत गेल्या. नदी सुंदर, पण रस्ता तिच्या डोक्यावर.

सुहास काका (ए-104): नको ते कसलं वर्षाताई, बोलायलाच हवं. दोन्ही अपघात पावसाळ्यातले. मीनल, टूरवाल्याला स्पष्ट सांग, रात्रीचा प्रवास नको. एक दिवस वाढला तरी चालेल.

सेक्रेटरी (ए-201): उद्या टाकी धुणार आहेत. पाणी सकाळी 7 ते 7.30 एवढंच. 🙏

तन्मय (सी-501): इथे नद्यांची चर्चा आणि घरात बादली 😂

वर्षा (बी-103): पोखऱ्यात फेवा तलावाशिवाय काय बघायचं?

सुहास काका (ए-104): सेती नदी. लोक तळ्यावर फोटो काढत बसतात आणि ही गावातून जाते ते कळतही नाही, कारण ती जमिनीच्या फटीत शिरते. के. आय. सिंग पुलावर उभं राहून खाली वाका. आधी आवाज येतो, मग खोल अंधारात पांढरं पाणी दिसतं, चुना कालवलेल्या पाण्यासारखं. चुनखडीमुळेच तो रंग. सेती म्हणजे पांढरीच.

पण मला विचाराल तर खरी नदी काली गंडकी. मुक्तिनाथला जाणारे सगळे तिच्या काठाने जातात आणि बहुतेक जण गाडीत झोपलेले असतात. एका बाजूला धौलागिरी 8167 मीटर, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा 8091, आणि मधून ही वाहते, पाच किलोमीटरहून जास्त खाली. डोंगर वर येत गेले तशी ही कापत गेली. म्हणजे हिमालयापेक्षा नदी जुनी. वाटेतल्या कागबेनी गावाशी पात्र एवढं रुंद की आधी वाटतं नदी आटलीय. नुसते गोटे, आणि त्यातून काळसर पाण्याच्या चार-पाच वेण्या. सकाळी दहा-अकरानंतर दरीतून वारा सुटतो. माझी टोपी गेली ती गेलीच, आणि संध्याकाळच्या डाळभातातही वाळू कचकचत होती. म्हणून तर तिथल्या जोमसोम विमानतळाची विमानं सकाळीच उडतात. आमच्या टूरवाल्याने कागबेनीला पंधरा मिनिटं दिली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

निर्मला आजी (ए-001): गंडकी म्हणजे शाळिग्रामाचीच ना रे सुहास? तुळशीच्या लग्नाला आपण खाली मांडवात ठेवतो तो माझ्या सासूबाईंचा. त्यांच्या वडिलांनी आणला होता.

सुहास काका (ए-104): तीच आजी. काळा गोटा फोडला की आत चक्र दिसतं. ते अमोनाइट नावाच्या समुद्रातल्या जिवाचं कवच, साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीचं. हिमालयाच्या जागी तेव्हा टेथिस समुद्र होता.

तन्मय (सी-501): म्हणजे आजी दरवर्षी तुळशीचं लग्न जीवाश्माशी लावतात?? 🤯

निर्मला आजी (ए-001): विष्णूशी लावते. तो आत कसा आला ते तुमचं तुम्ही बघा. आणि हीच नदी पुढे सोनपूरला गंगेला मिळते, गजेंद्रमोक्षाची जागा म्हणतात ती.

सुहास काका (ए-104): बरोबर. त्याआधी देवघाटला त्रिशूली हिला येऊन मिळते, तिथून नाव नारायणी. बिहारमध्ये गंडक. मीनल, मुलं ज्या पाण्यात वल्ही मारणार ते आणि मुक्तिनाथच्या वाटेवरचं पाणी खाली एकच होतं.

मीनल (बी-302): ठरलं. काठमांडूतली खरेदीची अर्धी दुपार काढून टाकायला सांगते आणि कागबेनीला मुक्काम मागते. काका, एकच. माझं मतदार कार्ड अजून माहेरच्या नावाचं आहे. चालेल?

सुहास काका (ए-104): तिकिटावर तेच नाव घाल. आणि टोपीला नाडी लावून घे.