मदत हवी आहे : बाबांच्या पर्सनल लोनसाठी विमा घ्यावा का? (वय 62, पेन्शनर, सोलापूर)

नमस्कार. गुरुवारी बँकेत सह्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. विमा, बँक किंवा वकिलीतल्या मंडळींनी कृपया वेळ काढून वाचावं.

बाबा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, आई गृहिणी. जुळे सोलापुरातलं घर बाबांच्या नावावर आहे. धाकट्या भावाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग भाड्याने चालवायला घेतलेत. सूत रोखीने घ्यावं लागतं, मालाचे पैसे मात्र व्यापाऱ्याकडून दोन-तीन महिन्यांनी सुटतात. लॉकडाऊनमध्ये हप्ते थकल्याने त्याचं सिबिल बिघडलं, मुद्रा लोन झालं नाही. म्हणून बाबाच पेन्शनवर 8 लाख उचलताहेत. 12 टक्के व्याज, 5 वर्षं मुदत, हप्ता 17,800 च्या आसपास. जामीनदार म्हणून आईची सही. कर्ज घ्यायचं की नाही यावर घरात बोलून झालंय, तो प्रश्न नाही.

माझा जीव अडकलाय तो आईपाशी. कर्जदार गेला तर वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतंच देणं लागतं, हे मला माहीत आहे. पण जामीनदाराला ती मर्यादा नाही. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणजे बाबांना काही झालं तर बँक आईकडे येणार, आणि तिच्या हातात असेल फॅमिली पेन्शन, जी पुढे शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्क्यांवर येते. त्यातून हा हप्ता गेल्यावर तिने औषधपाणी कशातून करायचं?

बँकेने कर्जाला जोडलेला ग्रुप विमा सुचवलाय. एकरकमी प्रीमियम 60 हजार, तोही कर्जातच मिळवणार. त्यावर 12 टक्के धरले तर पाच वर्षांत ते 80 हजार होतात. कव्हर कर्जाच्या बाकीप्रमाणे उतरत जाणार. हेही एकवेळ चालेल, पण खरी अडचण फॉर्मची आहे.

बाबांना बऱ्याच वर्षांची शुगर आहे आणि 2022 मध्ये अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी) बसला. फॉर्मवर 'मला कोणताही गंभीर आजार नाही' असं छापलंय, खाली सही करायची. काउंटरवरचे साहेब म्हणाले, मेडिकल लागत नाही, टिक करून टाका. बाबांनी साफ नकार दिला आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं. आजार लपवला तर विमा कायद्याच्या कलम 45 खाली पहिल्या तीन वर्षांत कंपनी क्लेम नाकारू शकते. मी हिशोब केला. दोन वर्षांनी बाकी 5 लाख 36 हजार, तीन वर्षांनी 3 लाख 78 हजार. म्हणजे कंपनीचा आक्षेप घ्यायचा हक्क संपेपर्यंत निम्म्याहून जास्त कर्ज फिटलेलं असेल. ज्या काळात आईला आधार हवा, नेमका त्याच काळात विमा कच्चा.

स्टेंट असल्याचं स्पष्ट लिहून देऊनही असं ग्रुप कव्हर कुणाला मिळालंय का? मिळालं असेल तर कंपनीची मंजुरी लेखी घेतली होती का? विशिष्ट विमा घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही, पण तोंडी 'विम्याशिवाय फाइल अडेल' असं ऐकवलं जातंय.

दुसरा पर्याय वेगळा टर्म प्लॅन (ठरावीक मुदतीचा निव्वळ जीवनविमा). बऱ्याच कंपन्या 65 पर्यंत प्रवेश देतात, 22 सप्टेंबर 2025 पासून प्रीमियमवर जीएसटीही नाही. कर्ज लवकर फिटलं तरी कव्हर राहतं आणि पैसे थेट आईला मिळतात. पण बासष्टाव्या वर्षी, अँजिओप्लास्टीनंतर प्रीमियम किती चढतो की थेट नकारच येतो? आणि पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली (1874) घेतली तर बाबांचे धनको (ज्यांचं देणं आहे ते) त्या पैशाला हात लावू शकत नाहीत, मात्र इथे आई स्वतःच जामीनदार आहे. मग बँक तिच्याकडून वसूल करू शकेलच ना? वकील मंडळींनी हे जरूर सांगावं.

दोन्ही जमलं नाही तर माझ्या मते कर्ज 5 लाखांवर आणावं आणि बाबांची 3 लाखांची एफडी मोडू नये, आईचं नाव जोडून तशीच ठेवावी. भावाला हे पटत नाही, सूत कमी पडेल म्हणतो.

एजंटांचे नंबर नकोत, अनुभव हवेत. बुधवार रात्रीपर्यंत आलेलं प्रत्येक उत्तर मी बाबांना वाचून दाखवणार आहे.